ग्रीक देवांचं वकीलपत्र

ग्रीस देशाच्या देवादिकांची अब्रू राखण्याचं वकीलपत्र या पृथ्वीतलावर एकाच माणसाकडे आहे, आणि तो माणूस माझा थोरला साडू आहे. हे वकीलपत्र त्यांना दिलं कोणी, हे विचारायची सोय नाही. यवतमाळच्या कोर्टात त्यांनी उभी हयात फौजदारी वकिलीत काढली; पण बांधावरच्या मारामाऱ्या पोटासाठी, खरा खटला सिनेमावाल्यांविरुद्ध. ग्रीस सोडा, हा गृहस्थ नाशिकच्या पलीकडे गेलेला नाही. शाळेत असताना वक्तृत्वाच्या बक्षिसात ग्रीक पुराणकथांचं एक मराठी पुस्तक मिळालं, ते पाठ झालं, आणि ते सगळे देव त्यांच्या भावकीत जमा झाले. भावकीला आपण काय हव्या त्या शिव्या देऊ, पण परक्यानं वाकडा शब्द काढलेला आपल्याकडे चालत नाही.

यवतमाळात असा माणूस बसलेला आहे याची सिनेमावाल्यांना कल्पना नाही, म्हणून ते निर्धास्तपणे ग्रीक वीरांवर एकामागून एक सिनेमे काढत असतात. हिंदीत बोलणारा असा वीर गावातल्या टॉकीजमध्ये उतरला, की आमचे साडू पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, पांढरा शर्ट आणि काळी पँट अशा कोर्टाच्याच पोशाखात हजर. बरोबर मी, कारण साक्षीदार लागतो. एकदा त्या टाचवाल्या वीराचा सिनेमा होता. जन्मल्यावर आईनं त्याला नदीत बुडवून अमर केलं, पण बुडवताना धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली, आणि शेवटी तिथंच बाण लागून तो मेला, अशी ती गोष्ट. सिनेमात आईही नव्हती आणि नदीही नव्हती. शेवटी बाण मात्र इमानानं टाचेत घुसला आणि वीर कळवळला. साडू भर टॉकीजमध्ये उभे राहिले. "माय नाही, नदी नाही, मंग याची टाच कायले दुखून राह्यली? बूट चावला काय बे याले?" पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं हसून हसून लोळली. साडूंना तो आपल्या युक्तिवादाचा विजय वाटला.

केसांच्या जागी साप असलेल्या त्या बाईची बाजू तर त्यांनी कायमची घेतलेली आहे. देवळात तिच्यावर देवानं अत्याचार केला, देवीनं शाप मात्र तिलाच दिला, आणि सिनेमावाले तिचं मुंडकं उडवणाऱ्याला हिरो म्हणून मिरवतात. "फिर्यादी बाईलेच आरोपी केलं याईनं! अन् वरतून टाळ्या!" हे वाक्य मी लग्नात, बारशात आणि एका तेराव्यालाही ऐकलं आहे. पडद्यावर दाढीवाला देवराज वीज फेकायला लागला, की ते मला कोपरानं ढोसतात. "साडभाऊ, हा देव हाय का लाइनमन?" ज्या महाबलीनं राजाचे तुंबलेले गोठे साफ केले, त्याला सिनेमात नेहमी सिंहाशी झुंजवतात आणि गोठा हळूच गाळतात. त्यावर साडूंचं मत असं, की शेण काढल्यावाचून कोणी वीर होत नाही आणि ज्यानं काढलं नाही त्यानं सिनेमाही काढू नये.

मी त्यांची कितीही थट्टा केली तरी माणूस चुकत नाही, हे कबूल करायला हवं. हे सिनेमे बघवत नाहीत. निळ्याशार समुद्राकाठच्या त्या गोष्टी, पण पडदा असा राखाडी, की सगळं चित्रीकरण वणीच्या कोळशाच्या ट्रकांमागं केलं असावं. वीरांची अंगं तेल चोपडलेली, चेहरे बरेच दिवस पोट साफ न झाल्यासारखे. कोणी रडत नाही, कोणी देवाशी भांडत नाही, कोणाला घरची आठवण येत नाही. मारामारी संपली की भाषण, भाषण संपलं की मारामारी. आमच्याकडची ग्रामपंचायतीची सभा याहून रंगतदार होते.

या सगळ्या खटल्यांची एक हक्काची श्रोती होती, ती म्हणजे ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. लग्न होऊन आली त्या वर्षापासून भाजी निवडता निवडता तिनं सगळा ग्रीस ऐकलेला. गेल्या दोनेक वर्षांत मात्र ताई विसरायला लागली. आधी गॅस, मग भाच्यांची नावं. दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन दारात उभा राहिलो, तर म्हणाली, "लाइटचं मीटर तिकडं मागच्या भिंतीले हाय जी." सगळे हसले, मीही हसलो. साडू हसले नाहीत. त्यांना ती अजून ओळखत होती, घरात फक्त त्यांनाच, आणि हे किती दिवस टिकणार याचा विचार आम्ही कोणी मोठ्यानं बोलून दाखवत नव्हतो. डॉक्टरांनी सांगितलं, सवयीच्या गोष्टी सोडू नका. साडूंनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला आणि तिला सिनेमाला न्यायला सुरुवात केली.

यंदा त्या भटक्या राजाचा सिनेमा लागला, तेव्हा आम्ही तिघं गेलो. युद्ध आणि समुद्र मिळून वीस वर्षांनी घरी परतणाऱ्या या राजाची गोष्ट ताईची सगळ्यात आवडती. त्यातही शेवट. राणी त्याला बघून धावत सुटत नाही. आधी परीक्षा घेते. दासीला म्हणते, आमचा पलंग बाहेर आणून टाक. राजा भडकतो, की तो पलंग हलेलच कसा, जिवंत झाडाच्या बुंध्यातून मी स्वतः कोरलाय तो! हे गुपित दोघांनाच ठाऊक, म्हणून ओळख पटते. साडूंच्या मते जगात इतकी चोख ओळखपरेड दुसरी झाली नाही.

सिनेमात राणीनं गच्चीवरून राजाला बघितलं आणि केस मोकळे सोडून, संथ गतीनं, ढोल-ताशांत धावत येऊन मिठी मारली. साडू उठलेच. "अरे, ओयख तं पटवा आधी! वीस वर्षांनं आलेला माणूस, कोणाच्याबी गळ्यात पडते काय बाई?" मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा खाली!"

तेवढ्यात ताईनं त्यांच्या शर्टाची बाही ओढली. ते बसले. ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली, परक्या माणसाकडे बघावं तशी, आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी कोण हा ते मले माहीत नाही. पण आमच्या ह्याईले सांगू नोका जी. पलंगच दाखवला नाही ना, भल्ले चिडतीन ते."

मी पडद्याकडे बघत राहिलो. शेजारून साडूंचा आवाज आला, "नाही सांगत."

परत येताना ऑटोत मी पुढं बसलो, ते दोघं मागं. ताई खुशीत होती. त्या अनोळखी भल्या माणसाला तिनं राजाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. "आमचे हे सांगतात" असं दर दोन वाक्यांनी म्हणत. नावं सगळी बरोबर होती. मला तिनं मीटरवाला केलं होतं, पण राजाच्या म्हाताऱ्या कुत्र्यालासुद्धा ती विसरली नव्हती. पलंगापाशी येऊन मात्र घोटाळा झाला. ते झाड ऑलिव्हचं. या एका झाडापायी साडूंनी एका प्राध्यापकाशी बोलणं सोडलेलं आहे. ताईनं ते सागाचं केलं. आपल्याकडचा साग, तिनं पाहिलेला.

"सागाचाच ना जी?" तिनं विचारलं.

मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

"सागाचाच," साडू म्हणाले. "मंग? राणीनं काय केलं पुढं?"