साहेबांचं बोट

आमच्या चौकातल्या बागेत साहेबांचा ब्राँझचा पुतळा आहे, बोट पुढे रोखलेला. सगळं शहर म्हणतं, साहेब भविष्याकडे बोट दाखवताहेत. साफ खोटं. ते बोट माझ्याकडे आहे.

तरुणपणी त्यांच्या एका सभेत मी पहिल्या रांगेत बसून चक्क घोरलो होतो. साहेब भाषण थांबवून गरजले, "अरे, त्या पहिल्या रांगेतल्या कुंभकर्णाला उठवा कुणीतरी!" सभा खदखदून हसली. नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला आणि पुढे शिल्पकाराला तोच पसंत पडला. माझी फजिती अशी चौथऱ्यासकट अजरामर झाली. त्या दिवशी हसलेले बहुतेकजण आता वर गेले. ब्राँझ मात्र काही विसरायला तयार नाही.

मग मी तरी का विसरू? निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी जेवून येतो, बरोबर त्या बोटासमोरच्या बाकावर आडवा होतो आणि मनसोक्त घोरतो. आता ओरडा म्हणावं, साहेब!

काल मात्र ऐन रंगात आलेला माझा सूड कुणीतरी गदागदा हलवला. बागेचा रखवालदार होता. "ओ काका, उठा! एवढ्या मोठ्या माणसासमोर झोपता, लाज नाही वाटत?" त्याचंही बोट थेट माझ्यावर. शेजारच्या बाकावरची मंडळी हसली.

मी चपला शोधल्या आणि घरी गेलो.

आज उशी घेऊन आलोय.