कोपरा फाटलेलं पाकीट

“कोपरा फाटलाय. आता वाचायचं काय राहिलंय त्यात?”

निपाणीला आक्काच्या घरी पोचले तेव्हा माजघरातून तिच्या जाऊबाईंचा हा आवाज आला आणि माझी चाहूल लागताच थांबला. आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. सहा आठवड्यांपूर्वी बेळगावच्या एका दवाखान्यात तिच्या छातीतली कर्करोगाची गाठ कापून काढली होती. ती तपासायला मुंबईला पाठवली होती आणि निकालाचं पाकीट तिचे यजमान, आप्पा, यांच्या नावानं आलं होतं. आमच्याकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. तसलं पत्र घरात ठेवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला तो पातळ कागद टपालातच कुठंतरी फाटला असणार. पण आप्पांनी पाकीट न उघडताच घरामागच्या वखारीच्या आढ्याला खोचलं, त्याला अकरा दिवस झाले होते.

आक्काला निपाणी ओळखायची ती तिच्या नाकावरून. तंबाखूच्या वखारीत पानाची प्रत ती ठरवायची. चळतीत हात घालून एक पान काढायची, बोटांत चोळायची, हुंगायची आणि म्हणायची, “हे भिजलतं. मालकाला इचार.” मालक आधी नाही म्हणायचा, मग मान खाली घालायचा. एकच पान दोनदा हुंगताना मी तिला कधी पाहिलं नाही. “पान खोटं बोलत न्हाय. म्हणून मी पानाला इचारते, माणसाला न्हाय,” हे तिचं ठरलेलं बोलणं. बेळगावच्या इंग्रजी शाळेत शिकूनही मी चारचौघांत तोंड उघडत नसे. त्यावर ती शेजारणींना सांगायची, “आमची मडम इंग्रजीत गप बसती.”

डावा हात वर होत नव्हता, म्हणून त्या दुपारी तिची वेणी मी घालत होते. पाठमोरी असल्यामुळेच बहुधा ती बोलली.

“गाठ काढतो म्हणाले. सुद्धीवर आले, हातानं चाचपलं, तवा कळलं, समदी छातीच गेलीया.”

कुणी सांगितलं नाही का, असं मी विचारलं.

“एकमेकास्नी सांगितलं असंल, इंग्रजीत.”

माझे हात थांबले. ती मात्र सरळ बसून होती. पाकिटाबद्दल तिला कुणी काही बोललं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. “जाऊ माझ्याशी भांडंना झाली, तवाच वळखलं,” ती म्हणाली. त्या अकरा दिवसांत तिनं लुगडी वाटून टाकली होती, वखारीतली आपली जागा सोडली होती आणि त्याच जाऊबाईंना पान हुंगायला शिकवायला घेतलं होतं. हे सगळं तिनं न रडता केलं होतं. गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर वाटते तशी भीती मला तिच्या पाठीमागे बसून वाटली.

वेणी झाल्यावर तिनं आप्पांना हाक मारली. “आढ्यावरचं काढा. माझं हाय ते. पोरगी वाचंल.”

आप्पांनी वखारीतून पाकीट आणून माझ्या हातात दिलं आणि ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी वाचलं, आणि मराठीत सांगायला मला शब्द सापडेनात. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, काखेतल्या गाठींत रोग नाही, असं कसंबसं सांगितलं.

“म्हंजे डागाच्या पल्याड कापलंय. काठाला डाग न्हाय,” आक्का म्हणाली. मग ती म्हणाली, “परत वाच.”

मी तीनदा वाचलं.

जाऊबाई रडल्या. आप्पा धावत जाऊन पेढे घेऊन आले. आक्कानं पेढा हातात घेतला आणि खाली ठेवला. वाटलेली लुगडी एकेक करून परत आली, पण त्या गाठोड्याला तिनं हात लावला नाही. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. देवानं एवढं दिलं आणि हिला त्याचं काहीच नाही, असं जाऊबाई पुटपुटल्या. मलाही तिचा राग आला होता, हे इथं कबूल करते.

तिसऱ्या दिवशी परसात मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“मरायची तयारी झालती गं,” ती म्हणाली. “आता ती मोडायची कशी? आनि इतकं दिस मी मेल्यागत राहिले, ते कुणामुळं? कागदानं सांगितलं, ऐकलं मी. पन ज्यानं कापलं त्यानं तोंडानं सांगू दे. माझ्या तोंडाकडं बघून.”

आप्पांना तिनं घरी ठेवलं. आम्ही दोघीच सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो. मोटार आदळली की ती डाव्या बाजूवर हात दाबून धरी.

गाठ कापणारे डॉक्टर आपल्याकडचेच होते. शिपायाशी मराठीत बोलत होते. मी कुठं शिकते ते त्यांनी विचारलं, आणि शाळेचं नाव ऐकल्यावर खुर्ची माझ्याकडे वळवून इंग्रजी सुरू केलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तुमची आत्या नशीबवान, काळजीचं कारण नाही, तिला समजावून सांगा. सगळं चांगलंच बोलत होते. आक्का त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. ते एकदाही तिच्याकडे बघत नव्हते.

मान हलवून उठायचं, एवढंच मला आजवर येत होतं. या वेळी मी उठले नाही. मी मराठीत म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आक्का इथं बसल्यात. त्यांना सांगा.”