कुंपणालगतचा पट्टा

आमच्या हिरवळीला हल्ली यंत्र पाणी देतं. हवामानाचा अंदाज पाहून ते स्वतःच सुरू होतं आणि पाऊस येणार असेल तर गप्प राहतं. घरकामाच्या यादीतलं एक रोजचं काम मी खुशीत खोडलं होतं.

काल संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर माझे सासरे, अण्णा, पाइप घेऊन कुंपणाशी उभे! ओल्या गवतावर पाणी चाललेलं.

पलीकडून शेजारचे नाना म्हणाले, "काय अण्णा, यंत्र संपावर गेलं का?"

"त्याला पावसाचं कळतं हो, पण तुमच्याशी गप्पा कोण मारणार?"

दोघं खळखळून हसले. पाणी घालायचं काम गेल्यापासून आठवडाभर अण्णा संध्याकाळी टीव्हीपुढे मुकाट बसत होते, ते आत्ता माझ्या ध्यानात आलं. माणसाला नुसतं कुंपणाशी जाऊन उभं राहायला संकोच वाटतो. हातात काहीतरी काम लागतं.

मी लगेच कुंपणालगतचा पट्टा यंत्राच्या वेळापत्रकातून काढला आणि यादीत लिहिलं, ‘कुंपणाजवळचं गवत : अण्णा, रोज साडेपाच.’

अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं. "आणि पाऊस असला तर?"

"छत्री घेऊन जा."