पट्ट्यावर सोडलेले डिंकाचे लाडू

परवा रविवारी नातीनं मला हॉटेलात जेवायला नेलं आणि मी तिथं एक घोळ करून ठेवला... सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. चौथीपर्यंतच शिकलेय, म्हणून वेलांट्या नातीनं तपासल्यात. सायबर कॅफेत बसून तीच हे इंटरनेटवर टाकणार आहे.

नात म्हणजे प्रज्ञा, थोरल्याची मुलगी. तिला नोकरी लागली. पहिल्या पगारात आज्जीला काहीतरी नवीन खायला घालायचं म्हणाली. मला वाटलं असेल आईस्क्रीम वगैरे... तर निघालं जपानी.

एक जोडपं जपानला नोकरी करून परत आलंय, त्यांनी हे हॉटेल काढलंय. सुशी म्हणतात त्याला. भाताच्या बोटभर वळकट्या, आत काकडी नाहीतर गाजर, बाहेरून काळा कागद गुंडाळलेला. कागद नाही, ते समुद्रातलं शेवाळ आहे, असं नात म्हणाली. म्हणजे आणखीच बरं! आणि वर म्हणे स्वस्त... स्वस्त म्हटलं की मला आधी शंका येते.

त्यात वाढायला कुणीच नाही. टेबलांच्या कडेनं एक पट्टा फिरतो, त्यावर बशा. आमचे हे बावड्याच्या साखर कारखान्यात होते, तिथं ऊस असाच पट्ट्यावरनं आत जायचा. हे मला एकदा दाखवायला घेऊन गेले होते, तेव्हा नवी साडी मळली होती... असो.

मी हात मांडीवर ठेवून बसले. बशा आल्या तशा पुढं गेल्या. "आज्जी, उचल की," नात म्हणाली.

खरं सांगू? मला तो पट्टा पटला नाही. लहानपणी आई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची, मी तिच्या मागं. मालकीण ओट्याच्या कडेला भाकरी ठेवायची, चार पावलं मागं सरकायची, मग आम्ही उचलायची. चहाच्या हॉटेलात आमचे कप बाहेर खुंटीला असायचे. हातात न देता खायला घालायची रीत मी बघितलेली आहे... आता त्याची मशीन काढली की काय, असंच मनात आलं. नातीला बोलले नाही. पोरगी किती हौसेनं घेऊन आलेली.

शेवटी एक बशी उचलली. भात गार आणि आंबूस... पण खोटं कशाला बोलू, दुसरी वळकटीही खाल्ली.

नात हात धुवायला गेली आणि माझ्यासमोर ती रिकामी बशी. आता आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. कळंब्याची पुतणी बाळंत झालीय, जेवून तिच्याकडं जायचं होतं, म्हणून पिशवीत डिंकाचे लाडू होते. दोन काढले, बशीत ठेवले आणि बशी पट्ट्यावर सोडून दिली. जशी आली तशीच परत पाठवायची असते, असं मी धरून चालले.

नात आली, बघते तर बशी निघाली पुढं. ती हळूच म्हणाली, रिकाम्या बशा टेबलावरच ठेवायच्या असतात, आणि पट्ट्यावरचं दुसरी माणसं उचलून खातात.

पुढच्या टेबलावरच्या लहान मुलीनं लाडवाकडं हात नेला. तिच्या आईनं तो धरून मागं घेतला आणि वळून माझ्याकडं बघितलं... हिला कळलं असेल का, आम्ही कोण ते?

लाडू तसेच पुढं गेले. शेवटी गल्ल्यावर मालकाची आई बसलेली, माझ्याच वयाची, नऊवारीतली. तिनं बशी उचलली. "ही कुणाची ओ?" सगळ्या हॉटेलात ऐकू गेलं.

नात उठायला लागली, मी तिला बसवलं. माझीच, म्हटलं, रिकामी कशी द्यायची म्हणून घातले. मालकाची आई बशी घेऊन आमच्या टेबलाशी आली. कुठल्या तुम्ही, विचारलं. बावड्याच्या, म्हटलं.

"बावड्यात कुठं?"

हा प्रश्न मी चांगला ओळखते. एरवी कारखान्याजवळ म्हणून सोडून देते. त्या दिवशी जीभ वळली नाही. "विहाराच्या मागं. बौद्ध हाय आम्ही."

तिनं खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला. चावतेय, चावतेय... मी तिच्या तोंडाकडं बघत बसले.

"डिंक कच्चा राहिलाय की ओ तुमचा."

माझा डिंक? कच्चा? मी म्हटलं, तुमचेच दात हलत असतील. तर म्हणाली, तूप कडकडीत पायजे आणि डिंक थोडा थोडा सोडायचा. मी म्हटलं, तसाच सोडते. असं आमचं चांगलं जुंपलं. बोलता बोलता उरलेला अर्धा संपला आणि तिनं दुसरा उचलला.

रिक्षात नात विचारत होती, तुला राग आला का. राग कसला... माझ्या हातचं खायला लोकांनी आजवर उपास सांगितलाय, पोट भरलंय सांगितलंय, नाहीतर तोंडदेखलं छान म्हटलंय. मांडीला मांडी लावून बसून, खाऊन खोट काढणारी ही पहिलीच. देव तिला... नको, देव नको, पण तिचं भलं होवो.

डिंक मात्र कच्चा नव्हता.