कोरड्या लॉनवर टाकलेलं जाळं

भुतंखेतं, चकवा, करणी असले विषय निघाले की मी बैठकीतून उठून जाणारा माणूस. या सदरातल्या हकिकती सौ. मला वाचून दाखवते, आणि मी दर वेळी 'लिहिणाऱ्याला ताप असेल' म्हणून मोकळा होतो. तेव्हा आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती मला पोटभर हसली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही... हसली नाही. तिनंच दौत आणून समोर ठेवली.

लढाई सुरू व्हायच्या दोन-अडीच वर्षं आधीची गोष्ट. मी गोंदियाला म्युनिसिपल कमिटीच्या नोकरीत होतो, हुद्दा गार्डन सुपरिंटेंडेंट. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात एक बाग, बागेतला बँडस्टँड, दोन झोपाळे, मागचा कुस्त्यांचा आखाडा आणि वाचनालयाची पडवी – एवढं सगळं माझ्या गळ्यात होतं. झोपाळ्याची कडी तुटली तर मी, आणि पैलवानांनी कुंडी फोडली तरी मीच. राहायला बागेच्या फाटकालगत दोन खोल्या. घरात आम्ही दोघं आणि सहा वर्षांची कुमुद.

बाग नवी होती. पूर्वी तिथे बोडी होती – लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. मी रुजू होण्याआधीच ती मुरूम-माती टाकून बुजवलेली होती, आणि तिच्यावर साहेबी थाटाचं लॉन करायचं काम माझ्या वाट्याला आलं. मी धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायका बोलावल्या आणि त्यांच्या हाती हरळीच्या जुड्या दिल्या. त्यांनी रोवणी करतात तसंच कमरेत वाकून, गाणी म्हणत, मागे मागे सरकत तीन दिवसांत सगळं मैदान रोवून टाकलं. पावसाळ्यानंतर असं काही लॉन उठलं, की रेल्वेतले गोरे लोकसुद्धा बघायला येऊ लागले. मला त्याचा फार गर्व होता, हे कबूल करतो.

फक्त मधोमध एक बांबू उभा होता. पुरुषभर उंच, टोकाला लाल चिंधी बांधलेला. तो लोटनचा.

लोटन म्हणजे बागेचा चौकीदार. जातीने ढीमर, वय पन्नाशीच्या पुढचं. बोडी होती तोवर तिच्यातली मासळी आणि शिंगाडे यांवर त्याचं घर चालायचं. बोडी गेली तेव्हा कमिटीनं त्याला चौकीदारीवर घेतलं. शिंगाडे तोडणाऱ्यांना कळावं म्हणून ढीमर लोक पाण्यात जिथे फार खोल असतं तिथे बांबू रोवतात. बोडी बुजली तरी लोटननं आपला बांबू त्याच जागी पुन्हा रोवला होता. लॉनवर तो स्वतः कधी पाय ठेवत नसे. फाटकावरून आखाड्याकडे जायचं झालं तरी कडेकडेनं वळसा घालून जायचा.

"अरे लोटन, सरळ जा की! काऊन फिरून रायला?" मी त्याच्याच बोलीत त्याची फिरकी घ्यायचो.

"पोहता येते जी मले," तो शांतपणे म्हणायचा, "पन अंगावर कपडे आहेत ना."

मला तो थोडा डोक्यातून गेलेला वाटायचा. कामाला मात्र चोख होता, आणि कुमुदवर त्याचा भारी जीव. लॉनवर खेळायला त्याची ना नसे, पण बांबूच्या जवळ गेली की काठावरून ओरडून तिला परत बोलवायचा.

थंडी ओसरत आली होती. डेप्युटी कमिशनर साहेब बाग पाहायला येणार असा निरोप आला, आणि माझ्या डोळ्यांत तो बांबू खुपायला लागला. एवढ्या सुंदर लॉनच्या मधोमध चिंधी बांधलेली काठी! मी लोटनला ती काढायला सांगितली.

"नोका काढू, बाबूजी. तठी लय खोल आहे."

"खोल? अरे, माती आहे तिथे! मातीत कोण बुडतं?"

"माती टाकली म्हून पानी थोडीच जाते जी?"

अशा माणसाशी काय वाद घालायचा? साहेब यायच्या आदल्या दिवशी लोटनची आठवड्याची सुट्टी होती. सुट्टीला तो जाळं घेऊन गावाबाहेरच्या तलावावर जात असे. सकाळी त्याची पाठ फिरताच मी स्वतः बांबू उपटला, भोक मातीनं बुजवलं आणि वर हरळी बसवली. नंतर जागा शोधूनही सापडेना इतकं बेमालूम काम झालं. मी खूश! साहेबांचे बूट ओले होऊ नयेत म्हणून दोन दिवस लॉनला पाणीसुद्धा घालू दिलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण लॉन खडखडीत कोरडं होतं.

चार-साडेचारचा सुमार, लख्ख ऊन. मी बँडस्टँडवर उभा राहून कठड्याचा रंग वाळला का ते पाहत होतो. कुमुद चेंडूमागे धावत लॉनच्या मधोमध गेली. एकदम थांबली. मग मला ती गवतावर आडवी झालेली दिसली. दोन्ही हात वर-खाली करत होती, तोंड उघडत होती, मिटत होती. आवाज काही नाही.

मी हसलो.

कसं सांगू तुम्हाला... मी खरंच हसलो. मला वाटलं, पोरगी माशाची नक्कल करते आहे. वरून मी ओरडलोसुद्धा, "कुमे, फ्रॉक मळेल हं!"

तेवढ्यात फाटकातून लोटन आत आला. त्यानं एकदा तिकडे पाहिलं, हातातली टोपली टाकली आणि पळत लॉनच्या कडेपर्यंत आला. तिथे थबकला. गवतावर पाऊल न टाकता त्यानं खांद्यावरचं जाळं काढलं, अंगाला झोका दिला आणि फेकलं. जाळं हवेत गोल उघडलं, कुमुदच्या अंगावर पडलं, आणि... पाण्यावर जाळं पडताना होतो तसा आवाज मला ऐकू आला. स्पष्ट. या माझ्या कानांनी.

मी धावलो. लोटन टाचा रोवून दोर ओढत होता. "बाबूजी, हात लावा जी!" मी दोर धरला. सहा वर्षांची किडकिडीत पोर माझी, एका हातावर उचलायचो मी तिला. पण दोराला भरलेल्या मोटेएवढं वजन होतं. ओढता ओढता माझे तळहात सोलले. जाळं काठाशी आलं आणि तिथे अडलं. काही केल्या पुढे येईना. तेव्हा लोटन पोटावर पालथा पडला, त्यानं पुढे हात घातला, कमरेचा चाकू काढला आणि जाळ्याची एक बाजू कराकरा कापली. दोर एकदम हलका झाला. कुमुद आमच्या पायांशी येऊन पडली.

ती नखशिखांत भिजलेली होती. लोटननं तिला पालथी करून पाठ दाबली, तसं तिच्या तोंडातून हिरवट, चिखलाच्या वासाचं पाणी आलं. मग ती खोकली आणि रडली. लोटनचा हात कोपरापर्यंत ओला होता. आणि लॉन? मी हात फिरवून फिरवून पाहिलं. कोरडं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासून पहिला प्रश्न केला, "कुठल्या विहिरीत पडली?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही. पोरीकडे दुर्लक्ष करून वर खोटं बोलणारा बाप, असंच त्यांना वाटलं असणार. बागेतली विहीर आखाड्याच्या पलीकडे, तिला पुरुषभर कठडा आणि वर झाकण, हे मी त्यांना सांगत बसलो नाही.

बांबू मी त्याच संध्याकाळी परत रोवला. काठावरून लोटन जागा दाखवत होता आणि मी, एवढा सुपरिंटेंडेंट, कमरेला दोर बांधून गवतावरून सरपटत गेलो. हसायचं तर हसा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी छडीनं बांबू दाखवून विचारलं, तेव्हा 'लेव्हल मार्क, सर' असं मी ठोकून दिलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

आठ-दहा दिवसांनी मी लोटनच्या चौकीत गेलो. भिंतीवर जाळं टांगलेलं होतं, सुपाएवढं भोक तसंच. ढीमर माणूस घासाआधी जाळं दुरुस्त करतो, आणि यानं दोरासुद्धा लावला नव्हता. मला राहवेना.

"लोटन, पोरगी तर काठाशी आली होती. मग जाळं का कापलंस?"

तो म्हणाला, "दोघी होत्या जी."

त्याला मथुरा नावाची मुलगी होती हे मला तेव्हा कळलं. वीस वर्षांपूर्वी, आठ वर्षांची असताना, शिंगाडे तोडताना ती त्याच बोडीत बुडाली होती. लोटननं स्वतः तिला बाहेर काढलं होतं, स्वतः माती दिली होती.

"जाळ्यात दोघी होत्या," तो म्हणाला. "संग वर येतच नोयत्या. एक सोडाच लागत होती."

मी जाळ्यातल्या भोकाकडे पाहिलं.

"तुमची हातपाय मारून रायली होती, बाबूजी. जित्ती होती. माही उगीमुगी माह्याकडे पाहून रायली होती."

"तिनं... तुला ओळखलं?" हे मी विचारायला नको होतं.

"बापाले नाई ओळखन का जी पोरगी?"

मी खूप डोकं चालवलं. जमिनीखाली पाणी राहिलं असेल, पोरीला फिट आली असेल, मला उन्हानं भास झाला असेल... एकाही गोष्टीनं तिच्या पोटातल्या पाण्याचा उलगडा होत नाही, आणि दोराच्या वजनाचा तर नाहीच. ज्या कुणा वाचकाला काही सुचेल त्यानं जरूर लिहावं. कुमुदला त्यातलं काहीच आठवत नाही. ती आता माझ्या खांद्याला लागते, आणि रोज मला चहा आणून देते तेव्हा फार सुख वाटतं. त्या सुखाची लाजही वाटते.

लोटन अजून बागेवरच आहे. त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे केलेलं नाही. बाबूजींनी 'अहो' म्हटलं की त्याला अवघडल्यासारखं होतं. होऊ दे.