कापडाला पाणी पिऊ दे

अब्बा गेल्यानंतरचा चाळिसावा झाला आणि मी कराडच्या प्रयोगशाळेत परत आले. माझ्या तीन नळ्या डबीत तशाच होत्या. शेवईपेक्षा जरा जाड, जाळीदार. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत अशी नळी मिटलेल्या फुग्यावर बसवून न्यायची आणि फुगा फुगवून उघडायची. तिच्या अंगावरचं औषध हळूहळू झिरपतं, वाहिनी सावरते, मग नळी विरघळून जाते. अब्बांच्या छातीत धातूची होती. ती त्यांच्याबरोबरच गेली.

आमची नळी मात्र उघडतानाच तडकायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "या तीनही तडकल्या तर जाळीची ही नक्षी सोडून देऊ. नाइलाज आहे."

रविवारी आष्ट्याला अम्मीबरोबर अब्बांचं शिलाईचं दुकान आवरत होते. मशीनमागे त्यांची जस्ताची बादली दिसली. कोरं सुती कापड ते आधी त्यात भिजवायचे, मगच कातर लावायचे. गिऱ्हाईक वैतागायचं.

"आवं मास्तर, परवा साखरपुडा हाय, आन् तुमी कापडाला आंघोळ घालताय व्हय?"

"आत्ता न्हाई घातली, तर पयल्या धुण्यात सदरा बेंबीवर यील रं गड्या. पिऊ दे त्याला पाणी."

मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. आम्ही नळ्या कोरड्याच उघडत होतो! रक्तवाहिनी कुठे कोरडी असते?

सोमवारी मॅडमच्या आधी मी दारात होते.

"भिजवायच्या? अगं, औषध उतरलं तर?"

"हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही. नंतर पाणी तपासू. पाणी पिऊन नळी जरा मऊ पडेल. तीनच मिनिटं, मॅडम."

अंगाइतकं कोमट मिठाचं पाणी केलं. पहिली नळी सोडली. तीन मिनिटांनी फुग्यात दाब भरू लागले, रोजच्यापेक्षा कितीतरी सावकाश. जाळीचा एकेक चौकोन उमलत गेला. सूक्ष्मदर्शकात बघायचं धाडस होईना, म्हणून मॅडमनाच बसवलं.

"तडा नाही."

"नीट बघा."

"अगं, नाही म्हणते ना! दुसरी आण."

दुसरीही अखंड. तिसरीच्या वेळी मॅडम म्हणाल्या, "बस खाली, मी भरते." तीही अखंड. पाणी तपासलं, तर त्यात औषधाचा जेमतेम अंश उतरला होता. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. माणसाच्या छातीपर्यंत पोचायला अजून वर्षं लागतील, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण नक्षी वाचली होती.

कच्च्या वहीत मी घाईघाईने नोंद केली. मॅडमनी ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं होतं, 'कापड तीन मिनिटे भिजवले.'

खोडायला पेन उचललं, तर त्यांनी वही मिटून स्वतःकडे ओढून घेतली.

"राहू दे," म्हणाल्या. "उद्यापासून आणखी दहा बनव. आणि भिजव."