पोटातलं सुतक

माझ्या थोरल्या साडूंनी दिला तेवढा धक्का मला शेतातल्या विजेच्या मोटारीनेही कधी दिला नाही. संतपुरात त्यांची सोयाबीन-तुरीची शेती. त्यांचा थोरला भाऊ शुगरने गेला आणि वर्षश्राद्धाच्या आतच उदगीरच्या डॉक्टरांनी यांचीही शुगर उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. बोलता बोलता डॉक्टर म्हणाले, आतड्यात चांगले जंतू असतात, ज्वारी, डाळी, ताक खाऊन त्यांना सांभाळलं तर शुगर अडवायला ते मदत करतात. झालं, साडूंनी जणू पोटात गोठाच बांधला. जेवायला जरा उशीर झाला की पोटावर हात फिरवून म्हणायचे, "दम धरा, भाकर व्हायलीय." माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी पेढा नाकारला आणि पिशवीतून आंबिलीची बाटली काढली. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची ती आंबील, वर उन्हात कोंडलेली. टोपण फिरवताच फवारा थेट व्याह्यांच्या फेट्यावर. मी रुमाल घेऊन धावलो. साडू शांतपणे म्हणाले, "जित्तं हाय, म्हणून उडायलंय."

गेल्या उन्हाळ्यात औरादच्या बस स्टँडवर ते दिसले, तर डोक्याचा गोटा आणि मिशी सफाचट. घरातलं माणूस गेल्याशिवाय आमच्याकडे मिशी उतरत नाही. मी धावत जाऊन आधी त्यांच्या बायकोचंच विचारलं.

"अण्णा, अक्का बऱ्या हायत न्हवं?"

"ती ठणठणीत हाय. दाढ ठणकायली म्हणून अँटिबायोटिक खाल्लो, पाव्हणं. पोटातले समदे गेले."

जंतूंचं सुतक! हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडलो. "कामून असं करायलाव? लोक काय म्हणतील?"

ते खाली बघत म्हणाले, "थोरला आन् मी जन्मभर एका ताटात जेवलो. एका घरातल्यांचे जंतू एकमेकांच्या पोटात जातेत, डॉक्टरच म्हणले. म्हंजी थोरला थोडा माझ्यात हुता की. त्यालाबी मीच मारलो."

माझा राग कुठच्या कुठे गेला. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळे मरत नाहीत, ते म्हणाले, काही तग धरतात आणि नीट खाल्लं की पुन्हा वाढतात. हे ऐकून साडूंनी पोटावर ठेवलेला हात मी त्यांना संतपूरला घरी पोचवेपर्यंत काढला नाही.

अक्कांनी दोन ताटं मांडली. साडूंनी एक परत ठेवायला लावलं.

"पाव्हणं, ह्यातच बसा. माझं काय झालं तर थोरला तुमच्याकडं ऱ्हाईल."

ताटात ताकात कुस्करलेली भाकरी होती. मला ताक मुळीच सोसत नाही. त्या दिवशी मी ताट पुसून खाल्लं.